हें मौन कोणाच्या हिताचें ?

दुकानाची उधारी, मुलीचें स्थळ, सासूबाईंचें दुखणें, दिवाळीची खरेदी, ह्या सर्व गोष्टींविषयीं आपल्या घरांतील नवराबायको एकमेकांशीं बोलतात, प्रसंगीं भांडतातही. एका विषयावर मात्र तीं बोलत नाहींत, आणि तो विषय म्हणजे ज्या संबंधामुळें तीं नवराबायको म्हणविलीं जातात त्या शरीरसंबंधाचें आरोग्य. ह्या विषयावर आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय नाजूक आहे हें आम्ही जाणून आहों. कित्येक सभ्य गृहस्थ हा अंक घरांतील मंडळींच्या दृष्टीस पडूं नये अशा बेतानें घडी घालून ठेवतील, हेंही आम्हांस ठाऊक आहे. त्यांस आमची एवढीच विनंती आहे कीं, घडी घालण्यापूर्वीं त्यांनीं हा लेख शेवटपर्यंत वाचावा, आणि मग तो आपल्या पत्नीपासून लपविणें हिताचें कीं तिच्या हातीं देणें हिताचें, ह्याचा निवाडा स्वतःच करावा.

आरोप करावयाचा तर पुरावा आधीं मांडावा, ही न्यायासनापुढील रीत आम्ही येथेंही पाळतों. इ. स. १९९३ पासून १९९६ पर्यंत पुण्यांतील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी तेथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली, आणि तिचा अहवाल १९९७ सालीं अमेरिकेंतील वैद्यकीय संघाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ह्या स्त्रियांपैकीं ३९१ जणी वेश्याव्यवसाय करणाऱ्या नव्हत्या. त्यांतील बहुतेक जणी विवाहित असून आयुष्यांत एका पुरुषाखेरीज दुसऱ्या कोणाशींही त्यांचा संबंध आलेला नव्हता. असें असूनही ह्या ३९१ जणींपैकीं शेंकडा सुमारें १४ जणींच्या रक्तांत एचआयव्हीची लागण आढळली. ह्या सर्व स्त्रिया कांहीं तरी विकार घेऊनच दवाखान्यांत आलेल्या होत्या, तेव्हां हा आंकडा पुण्यांतील यच्चयावत् स्त्रियांस लावणें चुकीचें होईल. परंतु त्यांतून निघणारा प्रश्न टाळतां येण्यासारखा नाहीं. जिनें आपला उंबरठा कधीं ओलांडला नाहीं तिच्या शरीरांत हा रोग आला कोठून ? तो घरच्याच माणसानें, पुष्कळदां स्वतःसही नकळत, आंत आणिला. त्या दोघांत एक वाक्य वेळेवर बोललें गेलें असतें, तर त्यांतील कित्येकींस वांचण्याची संधि तरी मिळाली असती. ती संधि त्यांस कोणीं दिली नाहीं, कारण तें वाक्य उच्चारण्याची आपल्या घरांत चालच नाहीं.

त्या काळानंतर साथीचा जोर ओसरला आहे, औषधें सुधारलीं आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. तरी २०२१ सालच्या सरकारी अंदाजाप्रमाणें देशांत सुमारें २४ लक्ष लोक एचआयव्हीची लागण घेऊन जगत होते, आणि प्रांतवार पाहतां त्यांतील सर्वांत मोठी संख्या, म्हणजे जवळजवळ ४ लक्ष, आपल्या महाराष्ट्राची होती. तेव्हां हें परक्या मुलुखाचें दुखणें आहे अशी समजूत करून घेऊन कोणीं निर्धास्त झोपूं नये.

दुसरा पुरावा गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्या जिल्ह्यांतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९८९ सालीं 'लॅन्सेट' ह्या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकानें छापले. शेंकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोगाचा किंवा गुप्तरोगाचा एक वा अधिक विकार होता. आणि त्यापूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा अवघ्या ८ होत्या. हे सर्वच विकार संसर्गानें झालेले होते असें नव्हे. तथापि अंगावरून पांढरें जाणें, ओटीपोटांत सतत दुखणें, संबंधाच्या वेळीं वेदना होणें, हें सारें बाईच्या जन्मास लागलेलेंच आहे असें मानून सोसण्याची आपल्याकडील रीत लक्षांत घेतली, म्हणजे ९२ आणि ८ ह्या दोन आंकड्यांतील अंतराचा अर्थ कळतो. बायको सांगत नाहीं, नवरा विचारीत नाहीं, आणि दोघांतून कोणीच बोलत नसल्यामुळें डॉक्टरापर्यंत ती गोष्ट जात नाहीं.

मौनानें रोग कसा पोसला जातो, हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. परमा, उपदंश, क्लॅमिडिया इत्यादि रोग एका माणसाचे नसतात. ते जोडप्याचे असतात. पुरुषास लघवीच्या वेळीं जळजळ होऊं लागली म्हणजे तो गुपचूप एखाद्या औषधाच्या दुकानीं जातो, चार गोळ्या घेतो, आणि बरें वाटतांच ती गोष्ट विसरतो. पत्नीस तीच बाधा झालेली असूनही बहुधा कांहीं लक्षण दिसत नाहीं. कारण परमा व क्लॅमिडिया हे रोग स्त्रियांच्या शरीरांत पुष्कळ वेळां निमूट राहतात. कांहीं दिवसांनीं तोच रोग तिच्याकडून पुनः पतीकडे येतो, आणि पति औषधास किंवा दुकानदारास दोष देतो. उपचार दोघांवर एकाच वेळीं व्हावयास हवे होते. परंतु एकानें दुसऱ्यास सांगितलेंच नाहीं, तर ते व्हावे कसे? इकडे त्या न कळलेल्या रोगानें पत्नीच्या गर्भनलिका सुजून बंद होतात, मूल होत नाहीं, आणि वांझपणाचा शिक्का तिच्या कपाळीं बसतो. गर्भारपणांत उपदंश असल्यास पोटांतील मूल दगावूं शकतें किंवा रोग घेऊनच जन्मास येऊं शकतें. वास्तविक वेळेवर दिलेलें पेनिसिलिन हा त्यावरील जुना, स्वस्त व भरंवशाचा उपाय आहे. एचआयव्ही तर कित्येक वर्षें कांहींही लक्षण न दाखवितां राहतो. आईस तो असून उपचार झाले नाहींत, तर गर्भारपण, बाळंतपण व अंगावरचें दूध ह्यांतून मुलास लागण होण्याचा संभव शेंकडा १५ ते ४५ असतो. योग्य उपचार झाल्यास तो शेंकडा ५ च्या खालीं येतो. येणेंप्रमाणें औषध आहे, तपासणी आहे, निरोध आहे. आणि ह्या तिहींच्या वाटेवर आडवें पडलें आहे तें आपलें मौन.

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांस हा मुद्दा त्यांच्याच धंद्याच्या दाखल्यानें सांगतों. दोघे भागीदार मिळून पेढी चालवितात, तेव्हां एकानें बाहेरगांवीं केलेला जोखमीचा सौदा दुसऱ्यापासून लपवावा काय ? १९३२ च्या भागीदारीच्या कायद्याच्या ९ व्या कलमाचा आशय असा आहे कीं, भागीदारांनीं परस्परांशीं न्यायानें व इमानानें वागावें, खरे हिशेब द्यावे, आणि पेढीवर परिणाम करणाऱ्या सर्व गोष्टींची पूर्ण माहिती एकमेकांस द्यावी. जेथें गेला तर पैसाच जावयाचा, तेथें कायदा इतक्या खरेपणाची अपेक्षा करितो. मग जेथें दोघांचीं शरीरें व पुढच्या पिढीचें आरोग्य हेंच भांडवल आहे, त्या भागीदारींत एकाची वही कायमची बंद असावी, आणि दुसऱ्यानें ती मागितली तर तो मर्यादेचा भंग समजावा, हा कोठला न्याय ? चोख व्यवहाराविषयीं ज्यांची बाजारांत ख्याति आहे असे गृहस्थ घरीं हाच व्यवहार कसा करितात, ह्याचा त्यांनींच विचार करावा.

येथें कोणी विचारील कीं, बोलण्यानें काय होणार ? बोलल्यानें रोग बरा होत नाहीं, हें खरें आहे. परंतु बोलल्यानें वागणें बदलतें, ह्याला पुरावा आहे. आफ्रिका खंडांतील रवांडा देशांत, किगाली शहरीं, पतिपत्नींपैकीं एकास एचआयव्हीची लागण आहे व दुसऱ्यास नाहीं अशा ५३ जोडप्यांस तपासणीचा निकाल कळवून सल्ला देण्यांत आला. त्यापूर्वीं निरोध वापरणारीं जोडपीं शेंकडा ४ होतीं. वर्षभरानें तीं शेंकडा ५७ झालीं. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांतील लोकांस निरोध ही वस्तु पूर्वीं ठाऊक नव्हती असें मुळींच नव्हे; जें झाकलेलें होतें तें दोघांपुढें उघड झालें, एवढाच फरक. पुढें २००६ सालीं ह्या विषयावरील संशोधनाचा एकत्र आढावा घेण्यांत आला. त्यांत असें दिसून आलें कीं, जीं जोडपीं आपसांत बोलतात तीं निरोध अधिक वापरतात. आणि 'जपून असावें' अशा मोघम बोलण्यापेक्षां निरोधाविषयीं व पूर्वायुष्याविषयीं नेमकें बोलण्याचा संबंध त्या वापराशीं अधिक दृढ असतो. हा संबंध फार मोठा आहे असें सांगून आम्ही वाचकांस भुलवूं इच्छित नाहीं. तो मध्यम प्रतीचा आहे. शिवाय ज्यांचें आधींच पटतें तींच जोडपीं बोलतात आणि तींच काळजीही घेतात, असाही त्याचा कांहीं अंशीं अर्थ असूं शकेल. तरी व्यवहारापुरता धडा स्पष्ट आहे : बोलावयाचें तर नेमकें बोलावें, आणि वेळेपूर्वीं बोलावें.

नेमकें बोलण्याचें फळ आज पूर्वींपेक्षां कितीतरी मोठें आहे. एका जोडीदारास एचआयव्ही आहे व दुसऱ्यास नाहीं अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक प्रयोग झाला. त्यांत आपलें पुणें व चेन्नई हीं शहरें होतीं. लागण झालेल्या माणसास लवकर औषध सुरू केल्यास जोडीदारास त्याच्याकडून होणारी लागण शेंकडा ९६ नीं कमी होते, असा त्याचा निकाल २०११ सालीं जाहीर झाला. औषध नियमित घेऊन रक्तांतील विषाणूंचें प्रमाण चाचणींत न दिसण्याइतकें खालीं आलें आणि तसेंच राहिलें, तर शरीरसंबंधांतून लागण होत नाहीं, हें आतां वैद्यकशास्त्रानें मान्य केलें आहे. आपल्या देशांत हीं औषधें सरकारी केंद्रांतून २००४ सालापासून विनामूल्य मिळत आलेलीं आहेत. म्हणजे पूर्वीं ज्या कबुलीनें संसार मोडेल अशी भीति असे, तीच कबुली आज संसार वांचविण्याचें पहिलें साधन झाली आहे.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, विवाह हेंच कवच आहे. कुलीन स्त्रीपुरुषांस ह्या चर्चेची गरज काय? ह्याचें उत्तर पुण्याच्या त्या ३९१ स्त्रियांनीं दिलेलेंच आहे. विवाहाचें कवच दोघांनीं घातलें तरच त्याचा उपयोग. आणि तें दोघांनीं घातलें आहे किंवा नाहीं, हें विचारल्यावांचून कळत नाहीं. शिवाय पूर्वायुष्याची बाधा विवाहाच्या मंत्रांनीं धुवून जात नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, अशा बोलण्यानें संशय माजेल. बायकोनें निरोधाचें नांव काढलें कीं नवरा विचारतो, 'तुझा माझ्यावर विश्वास नाहीं काय ?' आणि नवऱ्यानें काढलें तर बायकोच्या मनांत येतें, 'ह्यांनीं बाहेर कांहीं केलें असेल काय ?' ह्या अडचणीचें मूळ निराळ्याच ठिकाणीं आहे. निरोध हा शब्द सरकारनें १९६८ सालीं घरोघर पोंचविला तो कुटुंबनियोजनाकरितां. चहा, साबण वगैरे विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांकडून, तीन नगांस पंधरा पैसे ह्या दरानें, तो गांवोगांवच्या दुकानांत गेला. पुढें एड्सच्या भीतीनें तीच वस्तु परस्त्रीगमनाची खूण होऊन बसली. तिला पुनः घरांतील साधी वस्तु करणें हें आपल्या हातीं आहे. दोन मुलांत अंतर ठेवण्याकरितां म्हणून जी वस्तु उघड घेतां येते, तीच रोगापासूनही राखण करिते. परंतु ह्या बाबतींत पुरुषवर्गाचें वर्तन कसें आहे तें पाहावें. २०१९ ते २०२१ ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा ३७.९ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या होत्या शेंकडा ०.३, आणि निरोधाचा वापर होता शेंकडा ९.५. त्याच पाहणींत शेंकडा ३५ पुरुषांनीं, संततिनियमन हें बायकांचें काम आहे, पुरुषास त्याची काळजी नको, असें मत दिलें. जेथें एक भागीदार अशा रीतीनें हात झटकून मोकळा होतो, तेथें संशय बोलण्यानें माजतो कीं न बोलण्यानें, हें वाचकांनींच ठरवावें.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा. हा आक्षेप घेणारांची भक्ति खरी असेल, परंतु त्यांची माहिती अपुरी आहे. चरक व सुश्रुत ह्यांच्या संहितांत गर्भधारणा, ऋतुकाल व जननेंद्रियांचे रोग ह्यांचें विवेचन मोकळेपणानें केलेलें आहे. वात्स्यायनाचें तर नांवच पुरे. आणि विवाहविधींतील सप्तपदीचें सातवें पाऊल कशाकरितां आहे ? तें सख्याकरितां आहे, मैत्रीकरितां आहे. ज्या विधीनें पत्नीस सखी केलें, त्याच विधीचा अभिमान सांगून तिच्याशीं मनमोकळें बोलणें निषिद्ध ठरविणें, हा त्या विधीचाच अपमान होय. ह्या महाराष्ट्रांतच प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून गुप्तरोग व कामशास्त्र ह्यांविषयीं शास्त्रीय माहिती मराठींत दिली. त्याबद्दल समाजानें त्यांस काय दिलें ? खटले आणि दंड. १९३४ सालच्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मांडली. खटला हरला, तरी वकिली बाण्याची शोभा त्या हरण्यानें वाढलीच. आंबेडकरांनीं १९३८ सालीं मुंबई कायदेमंडळांत संततिनियमनाचा ठराव आणविला, तोही फेटाळला गेला. आणि २००७ सालीं महाराष्ट्रासह कांहीं प्रांतांनीं शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद पाडला, हें पाहिलें म्हणजे सत्तर वर्षांत आपण किती वाट चाललों, असा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. शाळेंत जें ऐकिलें नाहीं आणि घरीं जें कोणीं सांगितलें नाहीं, तें लग्नाच्या रात्रीं दोघांस आपोआप बोलतां येईल अशी आशा करणें वेडेपणाचें आहे.

ह्यापुढें जो मुद्दा आहे तो आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. 'बोला, बोला' असा उपदेश स्त्रियांस करणें सोपें आहे. परंतु जिच्या डोक्यावरचें छप्पर नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, तिनें बोलावें कसें? ज्याला 'नाहीं' म्हणतां येत नाहीं त्याच्या 'हो' ला किंमत नसते, हें करारशास्त्राचें पहिलें तत्त्व आहे. वर सांगितलेल्या पाहणींत असें विचारलें होतें कीं, नवऱ्यास गुप्तरोग असल्यास, त्याचा दुसऱ्या स्त्रियांशीं संबंध असल्यास, किंवा ती स्वतः थकलेली असल्यास बायकोनें नकार देणें योग्य काय ? ह्या तिन्ही कारणांस शेंकडा ८० स्त्रियांनीं होकार दिला. पुरुषांत मात्र तो शेंकडा ६६ नींच दिला. ह्या चौदांच्या अंतरांत किती घरांचें दुःख सांठलें आहे ! कायद्याची स्थितीही दुटप्पी आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानें लैंगिक छळ हा हिंसाचार मानला आहे. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमांत, अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीनें केलेली बळजबरी बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवणारा जुना अपवाद तसाच ठेवलेला आहे. परक्यांच्या राजवटींतील जुनें दंडविधान मोडून स्वदेशी विधान केलें असें जे अभिमानानें सांगतात, त्यांनीं १८६० सालापासून चालत आलेला हा वारसा मात्र जपून ठेवावा, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

कायदा ह्या बाबतींत किती करूं शकतो व किती नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे. १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका प्रसिद्ध दाव्यांत, वराच्या रक्ताचा निकाल रुग्णालयाकडून बाहेर गेला आणि ठरलेलें लग्न मोडलें. वराच्या गुप्ततेच्या हक्कापेक्षां वधूचा आरोग्याचा हक्क श्रेष्ठ, असें न्यायालयानें म्हटलें. पुढें संसदेनें २०१७ सालीं एचआयव्ही व एड्सविषयक कायदा केला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें संमतीवांचून कोणाची तपासणी करतां येत नाहीं व निकाल फोडतां येत नाहीं. जोडीदारास धोका आहे, समजावूनही रोगी सांगत नाहीं व सांगणार नाहीं, अशी खात्री झाली, तर रोग्यास आधीं कळवून डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदारास सांगूं शकतो. लागण झालेल्या माणसानें जोडीदारास राखण्याची वाजवी काळजी घ्यावी, असेंही त्यांत आहे. आणि ज्या स्त्रीस निकाल कळल्यावर मारहाणीची किंवा घराबाहेर काढलें जाण्याची रास्त भीति आहे, तिला ह्या तरतुदींत मुद्दाम सवलत दिली आहे. हा कायदा शहाणपणाचा आहे. परंतु तो दाराशीं येऊन थांबतो. आंत दोघांनीं काय बोलावें हें कोणताही कायदा ठरवूं शकत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, ज्याच्या हातीं घरांतील सत्ता अधिक, त्याच्यावर पहिला शब्द बोलण्याची जबाबदारीही अधिक. हा पहिला शब्द नवऱ्यानें बोलावा. तो बोलल्यानें त्याची प्रतिष्ठा कमी होत नाहीं. बायकोस निर्भयपणें दुसरा शब्द बोलण्याची वाट मात्र मोकळी होते.

करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. लग्न जमवितांना आपण छत्तीस गुण पाहतों, नाडी पाहतों, शेतीवाडी व नोकरी पाहतों. त्यांतच रक्ताच्या तपासणीची गोष्ट दोन्ही बाजूंनीं राजीखुशीनें घालावी. ती दोघांची असावी. वधूचीच करावयाची असेल तर तो नवा अन्याय होईल. अलीकडेच लागण झालेली असल्यास तपासणींत ती कांहीं आठवडे दिसत नाहीं, हें ध्यानांत ठेवून जरूर तर तीन महिन्यांनीं ती पुनः करावी. ज्यास धंद्यानिमित्त महिनोन् महिने परगांवीं राहावें लागतें आणि हातून चूक झाली आहे, त्यानें घरीं परत येतांना मिठाईबरोबर मौन आणूं नये. आधीं तपासणी करून घ्यावी, आणि निकाल हातीं येईपर्यंत निरोध वापरावा. 'माझी तपासणी व्हावयाची आहे, तोंवर आपण जपूं' एवढें वाक्य बोलण्यास जड खरें, परंतु त्याच्या अभावीं जें सोसावें लागतें तें त्याहून जड. बायकोस कांहीं त्रास असल्यास तिला एकटीला दवाखान्यांत न धाडतां नवऱ्यानें बरोबर जावें, आणि 'आम्हां दोघांसही तपासा' असें डॉक्टरास सांगावें. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी विनामूल्य होते. १०९७ ह्या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास माहिती मिळते, व त्यास पैसे पडत नाहींत. डॉक्टरांनीं एकास औषध देतांना दुसऱ्याची चौकशी केल्याशिवाय राहूं नये. औषधविक्रेत्यांनीं निरोधाचें पाकीट वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून चोरीच्या मालाप्रमाणें देणें सोडून द्यावें. तो कागद आमच्याच पत्राचा असेल तर आम्हांस अधिकच वाईट वाटेल! घरांतील वडील मंडळींनीं, विशेषतः आत्या, मावशी, थोरल्या वहिनी ह्यांनीं, लग्न ठरलेल्या मुलींस दागिन्यांविषयीं सांगतात त्याच्या निम्म्यानें तरी ह्याविषयीं सांगावें. आणि मुलाच्या बापानें वा थोरल्या भावानें मुलास सांगावें, कारण तो सर्व कांहीं जाणून जन्मास आलेला नाहीं.

आमचें पत्र राष्ट्राच्या प्रश्नांवर लिहितें. मग हा शेजघराचा प्रश्न येथें कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें : स्वराज्य म्हणजे आपल्या बऱ्यावाइटाचा निर्णय आपण, सर्व माहिती समोर ठेवून, परस्परांच्या संमतीनें करणें. ही विद्या सभागृहांत एकाएकीं येत नाहीं; ती दोन माणसांच्या घरांत शिकावी लागते. ज्या घरांत दोघांपैकीं एकासच बोलण्याचा अधिकार आहे, तेथील मुलें बाहेर येऊन कोणत्या लोकशाहीचा कारभार करणार ? आणि ज्या राष्ट्रांतील माता टाळतां येण्याजोगा रोग निमूटपणें सोसतात, त्या राष्ट्राच्या बळाच्या गप्पा पोकळ होत. असो. हा अंक आतां वाचकांच्या हातीं आहे. तो घडी घालून लपवावा कीं रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं दोघांनीं मिळून वाचावा, हें आम्हीं त्यांच्यावरच सोंपविलें आहे. बोलण्यास सुरुवात कशी करावी असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं हा लेखच निमित्त करावा, आणि 'आज ह्या पत्रांत काय छापलें आहे तें पाहा' एवढेंच म्हणावें. पुढचें वाक्य त्यांचें त्यांस सुचेल.